सुशीलेचा वाटा

सुर्ल्याच्या गंगाबायच्या घरात रोज सकाळी एक अंडे लोण्यात शिजायचे, आणि ते मेलेल्या बाईसाठी असायचे. घरात जिवंत माणसे दोनच. एक गंगाबाय स्वतः आणि दुसरी तिची सून जानकी, सात महिन्यांची गरोदर. त्या दोघी सकाळी पेज प्यायच्या. अंडे मात्र सुशीलेला. सुशीला म्हणजे गंगाबायच्या मुलाची, बाबलीची, पहिली बायको. तिला जाऊन दोन वर्षे होऊन गेली होती, पण त्या घरात तिच्याइतका मान कुणालाच नव्हता. जिवंतपणी तो थोडा जरी मिळाला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

अंडे करायचे काम जानकीकडे होते. गंगाबाय दारात उभी राहून बघायची. लोणी घरचे नव्हते. बाबली वास्कोला बंदरात कामाला. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा, तेव्हा बोटीवरच्या खलाशांकडून पिवळ्या लोण्याचा डबा मिळवून आणायचा. गोव्यात त्याला मांतेग म्हणतात. गोवा सुटून बारा-तेरा वर्षे झाली, फिरंगी गेले, पण पाव आणि मांतेग काही गेली नाही. चमचाभर मांतेग तव्यावर टाकली की ती आधी गप्प वितळायची, मग तिच्या कडेने बारीक फेस यायचा, आणि त्या फेसात अंडे फोडले की असा वास सुटायचा की जानकीच्या पोटातले मूल कूस बदलायचे. जानकी तोंडाला सुटलेले पाणी गिळायची आणि अंडे केळीच्या पानाच्या तुकड्यावर काढायची. त्यात मीठ घालायचे नाही, अशी गंगाबायची सक्त ताकीद होती. मेलेल्यांना मीठ लागत नाही, असे ती म्हणायची.

पान पाटल्या दारच्या, म्हणजे परसातल्या, नीरफणसाच्या मुळाशी ठेवायचे, पाठ फिरवायची आणि मागे न बघता घरात यायचे. घटकाभराने जाऊन बघावे तर पान स्वच्छ. कधी पिवळ्या बलकाचा थेंबसुद्धा उरलेला नसायचा.

आता कुणी म्हणेल, यात काय मोठेसे, कावळा नेत असेल नाहीतर मांजर. जानकीनेही आधी तेच म्हटले होते. ती पेडण्यातल्या कोरगावची, काजूच्या बागायतीत वाढलेली, असल्या गोष्टींनी घाबरणाऱ्यातली नव्हती. पण सुर्ल्याच्या अंगणात एक गंमत आहे. खाणीतून माती भरलेले ट्रक दिवसभर नदीवरच्या जेटीकडे धावतात, आणि त्यांची तांबडी धूळ सगळ्या गावावर बसते. सकाळी झाडलेल्या अंगणावर तासाभरात नवा थर. त्या थरावर कोंबडीचे बोट उमटते, मांजराचा पंजा उमटतो, वाळलेले पान घसरत गेले तर त्याचीही रेघ राहते. सुशीलेच्या पानाभोवती मात्र जानकीला कधी काही उमटलेले दिसले नाही. कावळा म्हणावे तर पाय कावळ्यालाही असतात.

हे अंड्याचे सुरू झाले सुशीलेच्या बाराव्याला. ती आठव्या महिन्यात बाळंत होता होता गेली, मूलही गेले. बाराव्या दिवशी पाटल्या दारी पान वाढून ठेवले, पण कावळा शिवेना. कावळे नीरफणसावर ओळीने बसलेले, खाली एकही येईना. सगळ्यांनी पाळीपाळीने हात जोडले. बाबलीने, मी दुसरे लग्न करणार नाही, असे सांगून बघितले. कावळे हलले नाहीत. त्यांना बाबली ठाऊक असावा. सूर्य कलायला लागला तशी गंगाबाय आतून उठून आली, पानासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "सुशीले, हांव जिती आसा मेरेन तुका दर दिसा एक तांती मांतेगेत करून वाडतां. तुज्या वाट्याक आनीक कोण तोंड लावचो ना." जिवंत असेतो रोज एक तांती, म्हणजे अंडे, मांतेगेत करून वाढीन, त्याला दुसरे कुणी तोंड लावणार नाही, हा शब्द पुरा होण्याआधीच एक कावळा सरळ खाली उतरला आणि पानातला घास घेऊन गेला. जमलेली माणसे म्हणाली, बिचारीला अंडे आवडत असेल, जीव त्यात अडकला होता. बाबलीलाही ते पटले. सुशीला गरोदर असताना नर्सने सांगितले म्हणून त्यानेच पहिला डबा वास्कोहून आणला होता.

वर्षभरात बाबलीने जानकीशी लग्न केले. मेलेलीला दिलेला शब्द मात्र घराने पाळला. घरात कोंबड्या तीन, पण तांती म्हटले की ते सुशीलेचे. उरलेली अंडी डिचोलीच्या बाजारात जायची. उकडलेले असो की लोण्यातले, जानकीने अंड्याला तोंड लावायचे नाही. एकदा तिने नुसते विचारले होते तेव्हा गंगाबाय म्हणाली, "सवतीच्या घासाक हात लायशी तर पोटातल्याक राखचें ना ती." त्यानंतर जानकीने विचारले नाही.

गंगाबाय दुष्ट होती असे कुणी समजू नये. ती जानकीला जड हंडा उचलू देत नसे, संध्याकाळी तिच्या पायांना खोबरेल चोळून देई. पण जेवायला बसल्यावर सुनेच्या पानात काय पडले हे बघायची सवय त्या बाईच्या डोळ्यांना नव्हतीच. तिच्या स्वतःच्या पानात कधी कुणी बघितले नव्हते.

भाद्रपदात, चतुर्थीचे गणपती पोचवून झाल्यावर, मालती नर्स आली. ती सावंतवाडीकडची, गावोगाव छत्री घेऊन पायी फिरायची. तिने ओसरीवर वजनाचा काटा ठेवला आणि जानकीला वर उभे केले.

"एकेचाळीस," नर्स म्हणाली. "मागच्या महिन्यातही एकेचाळीस. पोटातलं वाढतंय आणि तू आहेस तेवढीच. म्हणजे ते तुला खाऊन वाढतंय. रक्त तर नाहीच अंगात, डोळे बघ कसे पांढरे पडलेत. अशीच राहिलीस तर बाळंतपणात तुमच्या दोघांतलं एकही हाताला लागायचं नाही. मी घाबरवत नाही, सांगते."

तिने पिशवीतून गुंडाळलेले चित्र काढून भिंतीवर धरले. चित्रात एक मोठे अंडे मधोमध कापलेले, शेजारी लोण्याचा गोळा.

"एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. मुलाचं मांस त्यातून बनतं. बलकात लोह असतं, आणि डोळ्यांना लागतं ते जीवनसत्त्वही असतं. पण ते जीवनसत्त्व तुपालोण्याबरोबर पोटात गेलं तरच नीट अंगी लागतं, म्हणून लोण्यात करायचं. चमचाभर पुरे. मंद आचेवर, करपवायचं नाही. लोण्याची ताकद वेगळी मिळते. रोज दोन अंडी. औषध म्हणून खा. खातेस ना?"

जानकीने खाली बघत मान हलवली.

दारातून गंगाबाय म्हणाली, "रोज करतात आमच्या घरात तांती. मांतेगेत." आणि ते खोटे नव्हते. ती चहा ठेवायला आत गेली.

नर्स चित्र गुंडाळता गुंडाळता थांबली. "सुशीलाही अशीच मान हलवायची," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्याच खांबाला टेकून उभी राहायची. खाते म्हणायची. वजन मात्र अडतीसवरून हललं नाही."

"ती खायची," जानकी म्हणाली. "तिका आवडायचा म्हणान तर..."

"आवडायचं? कुणास ठाऊक. मला तर तिच्या तोंडाला कधी अंड्याचा वास आला नाही." नर्सने छत्री उचलली. "मी सांगू शकते. घास भरवायला रोज येऊ शकत नाही."

ती गेल्यावर जानकी बराच वेळ खांबाला टेकून उभी होती. मग आपण कुठे उभ्या आहोत ते तिच्या ध्यानात आले आणि ती झटकन बाजूला झाली.

दुसऱ्या सकाळी गंगाबाय शेजारच्या सरस्वतीला अविधवा नवमीचे आमंत्रण द्यायला गेली. नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांचा तो दिवस. त्यांच्या नावाने एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालतात, आणि या घरात अशी रीत होती की जेवण होईपर्यंत त्या सवाष्णीला मेलेलीच्याच नावाने हाक मारायची. मागच्या वर्षी सरस्वती बसली होती. ती गुबगुबीत बाई, तीन वाट्या मणगण्याची खीर खाऊन उठली, आणि सुशीला तृप्त झाली असे सगळ्यांनी मानून घेतले.

जानकी एकटीच होती. चार दिवस पाऊस उघडला होता, अंगणात पुन्हा धूळ बसली होती. तिने नेहमीसारखे अंडे केले, पान नीरफणसाखाली ठेवले, पाठ फिरवली. चार पावले गेली. मग पोटातल्याने अशी लाथ मारली की ती तिथेच वाकली. आणि वाकली ती वळलीच. पानाशी उकिडवी बसून तिने ते अंडे दोन घासांत संपवले. मीठ नसलेले, तरी तिला ते इतके गोड लागले की डोळ्यांत पाणी आले. पानावरची मांतेग तिने बोटाने निपटून खाल्ली. आपण कुणाचे खातो आहोत हे तिला त्या दोन घासांपुरते आठवले नाही. आठवले ते पान रिकामे झाल्यावर.

ती उठली, केरसुणी घेऊन आपली पावले मोडायला आली, आणि बघते तर धुळीत पानाच्या दोन्ही बाजूंना पावले होती. ह्या बाजूला तिची स्वतःची, टाचा रुतलेली. त्या बाजूला आणखी दोन, अनवाणी, अंमळ अरुंद, तिच्याकडे तोंड करून. आपणच बसताना पाय बदलले असतील, उठताना वळलो असू, असे तिने स्वतःला सांगितले. सांगता सांगता दोन्हीकडची पावले झाडून टाकली. पण आपले पाऊल त्या पावलावर ठेवून बघायची तिची छाती झाली नाही.

त्या दिवशी पोटातले मूल हलले नाही. दुपार झाली, हलले नाही. जानकीने पाणी पिऊन बघितले, डाव्या कुशीवर झोपून बघितले, पोटावर थापट्या मारल्या. गंगाबायला सांगायची सोय नव्हती. दिवस कलायला लागल्यावर ती पाटल्या दारी गेली आणि नीरफणसाखाली उभी राहून हळूच म्हणाली, "सुशीले, माजा चुकला. तुजा तुका. माजा माका राखून दी." आणि पोटात एक बारीक टिचकी बसली, मग दुसरी. जानकी झाडाच्या बुंध्याला धरून रडली.

रडून झाल्यावर तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. अंडे न खाल्ले तर नर्स म्हणते तसे मरायचे, चोरून खाल्ले तर सवत मूल नेणार. अंडे सुशीलेचे, तेव्हा ते द्यायचे तर सुशीलेनेच द्यायला हवे. गंगाबायच्या हातात ते नाही आणि बाबलीच्या तर कशातच काही नाही. पण सुशीलेशी बोलायचे कसे, हे तिला सुचत नव्हते.

ते सुचले नवमीच्या सकाळी. बाबली आदल्या दिवशी वास्कोहून आला होता, भाज्या चिरून झाल्या होत्या, आणि सरस्वतीचा निरोप आला की तिच्या दिराच्या सुनेला पहाटे मुलगा झाला, घरात सोयर आहे, ती बसू शकत नाही. गंगाबाय कपाळाला हात लावून बसली. गावातल्या बाकीच्या सवाष्णी आधीच कुठे ना कुठे सांगितलेल्या. नवमी चुकली तर काय होईल, हे तिला बोलून दाखवायची गरज नव्हती.

"हांव बसतां," जानकी म्हणाली.

"खुळी गे तू? गरवार बायल सवतीच्या पाटार बसता?"

"मगे पाट रितो दवरतल्यात?"

बाबली म्हणाला, बसू दे मांये, सवाष्ण तर आहे. तो नेहमी जे सोपे असेल त्याच्या बाजूने असायचा.

जानकी न्हाली, केसांत अबोलीचा वळेसार माळला, कुंकू स्वतःच लावले, कारण गंगाबाय विधवा. पाटावर बसली. समोर पान वाढले गेले. खतखते, वडे, डाळ, मणगणे. बाहेरच्या चुलीवर गंगाबायने आज स्वतः अंडे केले होते आणि त्याचे पान घेऊन ती पाटल्या दाराकडे निघाली होती.

"ते भायर खंय व्हरतात?" जानकीने विचारले. "आज ती हांगा बसल्या. मगे तिचो वाटो भायर कोणाक?"

सवाष्णीने जेवताना बोलायचे नसते. गंगाबाय दाराच्या उंबऱ्यातच थांबली. नवमीच्या पानाशेजारी अंडे ठेवायचे म्हणजे तिला मोठेच संकट. तिने बाबलीकडे बघितले, बाबलीने छपराकडे. शेवटी ती परत फिरली, आणि अंड्याचे पान जानकीच्या पानापासून वीतभर अंतरावर ठेवले.

"सुशीले," ती म्हणाली, "खा गो."

जानकीने काय बोलायचे ते सकाळपासून मनात घोटून ठेवले होते. एकच वाक्य. आजपासून माजो वाटो जानकेक दी. सुशीलेच्या पाटावरून, सुशीलेच्या नावाने एवढे म्हटले की झाले, गंगाबायची ते मोडायची हिंमत होणार नाही. सवतीला तिने मनातल्या मनात विचारलेही होते, आणि पोटातले मूल शांतपणे फिरत होते, म्हणजे तिची हरकत नसावी. जानकीने तोंड उघडले.

"मांतेग भाताच्या कोठयेत पुरून दवरलेली," ती म्हणाली. "माका गावलेली."

आवाज तिचाच होता. चिडलेला नव्हता, रडका नव्हता, दळण आणायला जाते म्हणून सांगावे तसा होता. पण हे वाक्य तिने घोटलेले नव्हते. भाताच्या कोठीत कुणी लोणी लपवले आणि ते कुणाला सापडले, याचे तिला काही ठाऊक नव्हते. बोलून झाल्यावर तीच गंगाबायच्या तोंडाकडे बघत राहिली.

गंगाबायच्या हातातला वाढायचा डाव खाली पडला.

"खंयची मांतेग?" बाबली म्हणाला. "मांये, खंयची मांतेग?"

गंगाबायला तो दिसतच नव्हता. ती पाटासमोर बसली. "तुका गावलेली?" ती पाटावरच्या बाईला विचारत होती. "आनी खाल्ली ना कित्याक गो? घरात कोण नासताना चमचोभर घेवन खाल्ली ना कित्याक?"

"तुमी वाडतल्यात म्हणान वाट पळयली."

बाहेर ट्रक गेला, त्याच्या धक्क्याने भिंतीवरची भांडी किणकिणली आणि थांबली. सुना आपल्या हाताने वाढून घेत नाहीत. सासू वाढेल ते खायचे, न वाढेल त्याची वाट बघायची. हे गंगाबायला कुणी सांगायला नको होते. पन्नास वर्षे ती स्वतः तशीच जगली होती.

"चवथीक पावणे येतले म्हणान दवरली," ती बाबलीकडे न बघता म्हणाली. "तू हिच्यासाठी हाडलेली, ती हांवें पावण्यांक दवरली. तांत्यां खुडूक कोंबडयेखाल घातली. नर्स सांगून गेली, हांवें आयकलां. पूण माका पटना. हांव पांच भुरग्यांची आवय, माका कोणे कधी तांती वाडली? हांव मेलें ना. माका वाटला, हिकाच कित्याक?" तिने पदराने तोंड पुसले. "ती गेली तेन्ना डबो उघडूंक सुद्धा ना, तसोच भरलेलो."

दोन वर्षे बाबली लोकांना सांगत होता की सुशीलेला मांतेगेतले अंडे फार आवडायचे. तिने ते कधी चाखलेच नव्हते. तो उठला, ओसरीवर गेला आणि पायऱ्यांवर बसून राहिला, पाठमोरा.

पाटावर जानकीच्या तोंडात अजून एक वाक्य होते, ते आपले की दुसऱ्या कुणाचे हे तिला कळत नव्हते. तिने ते बोलून टाकले.

"आता ही वाट पळयता."

गंगाबायने वर बघितले. ती सुनेच्या तोंडाकडे बघत होती, मग गळ्याकडे, वर आलेल्या हाडांकडे, अबोलीच्या वळेसाराखालच्या मानेकडे. खूप वेळ बघत होती. इतका वेळ तिने ह्या घरात कुणाकडेच बघितले नसेल. मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, बाहेरच्या चुलीकडे गेली आणि तवा पुन्हा चढवला. मांतेग चुरचुरली. वास घरभर आला. परत आली तेव्हा तव्यावर आणखी दोन अंडी होती, आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत मीठ.

तिने मीठ वरून भुरभुरवले. अंडी जानकीच्या पानात वाढली, शेजारच्या नव्हे, जानकीच्याच पानात. पहिला घास मोडून तिने स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाशी धरला.

"जानक्ये," ती म्हणाली, "खा."

जानकीने खाल्ले. दोन्ही खाल्ली. बिनमिठाचे अंडे शेजारच्या पानावर तसेच होते. जेवण आटोपून तिला पाटावरून उठवले, ओटी भरली आणि ते पान उचलायला गंगाबाय वाकली, तर पान स्वच्छ होते. दोघी त्या पानाकडे बघत राहिल्या. आपण खाल्ले नाही, एवढे जानकीने शपथेवर सांगितले असते.

कोठीचे जानकीला कळले कसे, यावर सुर्ल्यात पुढे बरीच चर्चा झाली. सरस्वतीने कानात घातले असेल, असे काही शहाणे म्हणाले. पण सरस्वतीला पोटात काही ठेवता येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होते. तिला ठाऊक असते तर ते दोन वर्षे लपून राहिलेच नसते. जानकीने स्वतः कधी काही सांगितले नाही. तिला कुणी विचारले की ती खाली बघून मान हलवायची.

नवमीपासून नीरफणसाखाली पान गेले नाही. गंगाबाय सकाळी उठून दोन अंडी करायची, वाढायची आणि सून शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसून राहायची. जानकी स्वतःच्या हाताने कधीच वाढून घेत नसे. भूक कितीही लागली, तवा शेजारी असला, तरी ती थांबायची. ते तिच्याने होतच नव्हते. मालती नर्सने पुढच्या महिन्यात काट्याकडे बघितले, पुन्हा बघितले आणि कार्डावर वाढलेला आकडा लिहिला. कार्तिकात जानकी बाळंत झाली. मुलगी, सहा पौंडांची, रडायला खणखणीत. बाबलीने मुलीला हातात घेतले आणि कितीतरी वेळ आईकडे बघितले नाही.

एवढे सगळे चांगले झाले. फक्त कधीकधी सकाळी, मांतेगेचा वास सुटला की, गंगाबाय चुलीपाशी पाठमोरी बसून हाक मारते, "सुशीले, ये गो, थंड जाता." आपण काय नाव घेतले ते तिला कळते, आणि ती तव्यावरचा हात थांबवून तशीच बसते. तेव्हा जानकी मुलीला खाली ठेवून, असेल तिथून, घाईघाईने ओ देते. तिच्याआधी दुसऱ्या कुणी ओ दिली तर, ही भीती दोघींनाही आहे.